ओसरीवरची उत्तरं : पोळ्याच्या आधी आलेली पत्रं

श्रावण लागला की माझ्याकडे निवासी शाळांची पत्रं वाढतात. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. पहिले काही दिवस पोरं नवी पेटी, नवा गणवेश, नवे दोस्त यांतच असतात. मग पावसाची झड लागते, बाहेर खेळता येत नाही आणि घर आठवायला लागतं. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका जुन्या, लहानशा आश्रमशाळेत मी अधीक्षिका होते. पहिली ते दहावी, मुलंमुली मिळून दोनशेच्या आत. प्रत्येक पोराचं नाव, गाव, कोणाला ताप लवकर चढतो आणि कोणाला वांग्याची भाजी चालत नाही, हे सगळं ठाऊक असायचं. त्याच भरवशावर ही उत्तरं देते.

प्रश्न : बाई, आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणून लेकीला यंदा पाचवीत आश्रमशाळेत टाकलं. आम्ही दोघंही निंदणाच्या मजुरीला जातो. रविवारी मॅडमच्या फोनवर बोलणं होतं. दर वेळी ती रडते, "मले घेऊन जा माय" म्हणते. मग मला रात्रभर झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, लेकराले कायले वनवासात टाकलं, घेऊन या. तिचे बाबा म्हणतात, होईल सवय. मी काय करू?
— एक आई, झरी-जामणी तालुका

ताई, आधी पोळ्याला तिला घरी आणा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर, दोन्ही तिला तुमच्यासोबत मिळू द्या. पण परत कधी सोडणार तो दिवस तिला आजच सांगून ठेवा. फोनवर "बघू", "पुढच्या रविवारी येते" असं म्हणू नका. रडणं थांबवायला म्हणून आपण बोलून जातो आणि पोर मात्र तो रविवार धरून बसते. दुपारभर फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्यांना आत आणून जेवायला बसवणं फार जड जातं. न येण्याचं दुःख पोरगी सोसते, खोट्या वायद्याचं नाही सोसत.

आता रडण्याविषयी. नव्या पोरी दिवसा फारशा रडत नाहीत. त्यांची वेळ दिवेलागणीची. घरी त्या वेळेला माय चुलीपाशी असते, ढोरं घरी येतात, दारात कोणी ना कोणी बसलेलं असतं. शाळेत प्रार्थना झालेली असते, जेवणाची घंटा व्हायला अवकाश असतो आणि हाताला काम नसतं. त्या वेळेसाठी आमच्या शाळेत एक जुनी रीत होती, माझ्याही आधीपासूनची. नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला आठवी-नववीतली एक ताई ठरवून द्यायची आणि त्या ताईनं रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तिची वेणी घालायची. तेल लावायचं, फणीनं उवा काढायच्या, दोन वेण्या, लाल रिबिनी. तेवढ्या वेळात ताईच्या हाताला कळतं, मान गरम आहे की नाही. दंडावर वळ आहे का ते दिसतं. दुपारी जेवली की ताट तसंच ठेवलं, घरून कोणाचा फोन आला, बाकावर शेजारी कोण बसते, सगळं वेणी घालता घालता निघतं. मला जे वहीत सापडत नसे ते या मोठ्या पोरी येऊन सांगत. "मॅडम, लहानी दोन दिवसांपासून भाकर टाकून देऊन राह्यली." वसतिगृह कसं चालतं असं मला कोणी विचारलं तर मी या वेण्यांचंच सांगते.

म्हणून येत्या रविवारी तिला "कशी आहेस?" असं विचारू नका. त्याचं उत्तर रडणंच आहे. विचारा, तुझी वेणी कोण घालते? रात्री तुझ्या बाजूला कोण झोपते? रात्री बाहेर जायचं झालं तर कोणाला उठवतेस? आज भाजी कशाची होती? तिनं नावं सांगितली, एखादीची तक्रार केली, "ते पोट्टी माझी चादर वढते" म्हणाली, तर रडत रडत का होईना, तिचं तिथं बसणं सुरू झालं आहे. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासानं ती काय करते हेही मॅडमला विचारा. पुष्कळ पोरी मायचा आवाज ऐकून रडतात आणि लगेच लंगडी खेळायला पळतात. पण महिना-दीड महिना होऊनही तिला एकही नाव सांगता येत नसेल, तर ते मनावर घ्या. रडण्यापेक्षा मला या गोष्टीची भीती जास्त.

याहून गंभीर खुणाही सांगून ठेवते. रडणारी पोर एकदम गप्प झाली. कोणा एका माणसाचं नाव निघालं की अंग चोरते. कधी नव्हे ते अंथरुणात लघवी करायला लागली. पोळ्याहून परत निघताना रडण्याऐवजी थरथर कापते. असं काही दिसलं तर सवयीची वाट पाहू नका, कोणाची परवानगी मागू नका. तिला जवळ घ्या, बोलतं करा, डॉक्टरांकडे न्या. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर रात्रंदिवस चालतो आणि फुकट आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी 2012 पासून वेगळा कायदा आहे. त्यात गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. "शाळेची बदनामी होईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आणि एकदा न सांगता जा. रविवारी नको, मधल्या वारी. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, रात्री तिथं दिवा असतो का, पाणी आत येतं की बादलीनं न्यावं लागतं, रात्री मुलींच्या बाजूला कोणती बाई मुक्कामी असते, हे पाहा. स्वयंपाकघरात डोकावा. मॅडम रागावतील या भीतीनं आया फाटकातूनच परत जातात. चांगल्या अधीक्षिकेला आईचं येणं आवडतं. तिला त्याचा राग येत असेल तर तेही तुम्हाला कळलेलं बरं. जाताना सासूबाईंना सोबत न्या. म्हाताऱ्या बायांची नजर फार पक्की असते. नातीच्या पंगतीत बसून वरणभात खाल्ला की त्यांचं मत त्या स्वतःच ठरवतील, आणि ते मत मलाही ऐकायला आवडेल.

शेवटी एक. पाचवीची शाळा बसच्या वाटेवर असेल तर घरी राहूनही शिकता येतं. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे आणि मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींसाठीच सुटतात. बस वेळेवर येते का आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर काय, हे आधी पाहा. सगळं पाहून तुम्ही तिला घरी आणलंत तर त्यात हार नाही. फक्त तिचं शिकणं सुटू देऊ नका. घरी आणलेली पोर धाकट्या भावाला सांभाळायला बसते आणि मग ती कधीच उठत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ताई, तुमच्या पायाशी बसून सांगावंसं वाटतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. घरून आणलेला चिवडा आणि लाडू माझ्या पेटीतून चोरीला जातात. कुलूप लावलं तर कडी वाकवून काढतात. सरांना सांगितलं तर माझ्यावरच हसतात.
— एक विद्यार्थी, आर्णी तालुका

बाबू, खाऊ पहिल्या रात्रीच उघड. तुझ्या खोलीतल्यांना बोलाव, सगळ्यांना थोडा थोडा दे आणि उरलेला आपला आपण खा. ज्याच्या घरून कधीच काही येत नाही असा एखादा पोरगा तिथं नक्की आहे, त्याला आधी दे. पैसे आणि मोठी वस्तू मात्र पेटीत ठेवायची नाही, अधीक्षकांकडे वहीत लिहून ठेवायची. आणि कोण चोरतो ते तुला ठाऊक असलं तरी प्रार्थनेच्या रांगेत त्याचं नाव घेऊ नकोस. वसतिगृहात एकदा चोर म्हटलेलं पोरगं दहावीपर्यंत चोरच राहतं.

प्रश्न : मॅडम, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत यंदाच अधीक्षक म्हणून रुजू झालो. सहावीतला एक मुलगा दर आठ-पंधरा दिवसांनी हातपाय दुखतात म्हणून पडून राहतो. पाऊस-थंडी झाली की हमखास. पी.टी.ला येत नाही. बाकी शिक्षक म्हणतात, कामचोर आहे, दोन चक्कर जास्त मारायला लावा. मला त्याच्या चेहऱ्यावरून खोटं वाटत नाही. दुसरं, आमच्याकडे पलंग कमी आहेत, निम्मी मुलं खाली झोपतात. चालेल का?
— एक अधीक्षक

सर, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. त्या मुलाला एकही चक्कर मारायला लावू नका आणि उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन सिकलसेलची तपासणी करा.

आपल्या विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथं अडकतात तिथं असह्य दुखतं. हात, पाय, पाठ, सांधे. थंडी, पावसात भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, फार दमणूक, यातल्या कशानंही दुखणं उठतं. दोन दिवसांनी पोरगं पुन्हा खेळायला लागतं, म्हणून बघणाऱ्याला सोंग वाटतं. आमच्या शाळेत एक मुलगा दुखण्याच्या वेळी कोणाला काही सांगत नसे. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि दातांत चादर धरायचा. ती चादर पाहूनच आमच्या कामाठीनं मला बोलावलं होतं. त्या बाईच्या स्वतःच्या घरात हा आजार होता.

आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी नावाची साधी तपासणी करतात. त्यात आजाराचा संशय आला तर पक्कं निदान पुढच्या तपासणीत होतं, तेव्हा कळतं की मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. रुग्ण असेल तर डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतील, गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया सुरू करतील. ती गोळी रोज पोटात जाते की उशीखाली जाते, हे पाहणं तुमचं काम. जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, त्यात शाळकरी मुलांची तपासणी होते. आरोग्य केंद्राला पत्र देऊन सगळ्या शाळेचीच करून घ्या. अहवाल आले की प्रत्येक मुलाचा कागद त्याच्या पालकांच्या हातात द्या, फळ्यावर यादी लावू नका. पुढे लग्नाच्या वेळी मुलींना त्याचा फार त्रास होतो. पण आईवडील दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते, हे दहावीच्या मुलामुलींना शांतपणे समजावून सांगायलाच हवं.

शाळेत करायचं ते थोडकंच आहे. त्याच्याजवळ पाण्याची बाटली असू द्या आणि वर्गात पाणी प्यायला, लघवीला जायला त्याला परवानगी मागावी लागू नये. थंडीत अंघोळीला गरम पाणी, अंगात स्वेटर. पी.टी.त झेपेल तेवढंच. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं, धाप लागणं, पोटाची डावी बाजू फुगून पोर पांढरंफटक पडणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं की लगेच 108 ला फोन. आणि त्या शिक्षकांना सांगा, शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं मुलाला शारीरिक शिक्षा देणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला मनाई आहे. जास्तीच्या चकराही त्यातच येतात.

खाली झोपण्याचं विचारलंत ते फार बरं केलंत. नाही चालणार. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कळतच नाही. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण सापडत नाही. पहाटे पोर उठून म्हणतं, पोट दुखते. उलटी होते. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, श्वास अडतो. पावसाळ्यात खाली झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याच्या पापण्या झुकायला लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका, मांत्रिकाकडे तर अजिबात नको. ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय, जिथं सापाच्या विषावरची लस आहे तिथं तातडीनं न्या. लस कुठं असते हे आजच फोन करून विचारा आणि तो नंबर भिंतीवर लिहा.

पलंगांसाठी आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाला पत्र द्या, पोच घ्या, दर महिन्याला स्मरणपत्र द्या. पलंग येईपर्यंत मच्छरदाण्या लावा आणि त्यांची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा. त्यानं डासही थांबतात आणि सापही. दाराखालची फट बुजवा. सरपणाचा ढीग आणि धान्याची पोती मुलांच्या खोलीपासून लांब ठेवा, कारण उंदीर तिथं येतात आणि उंदरामागे साप. रात्री बाहेर जाणाऱ्या मुलासोबत बॅटरी आणि दुसरा मुलगा, हा नियम करा. नवीन आहात म्हणून लिहिते, सर. रात्रीची हजेरी वहीत घेऊ नका. पलंगापलंगापाशी जा, प्रत्येकाच्या कपाळाला हात लावा.

प्रश्न : माझ्या पहिलीच्या वर्गात कोलाम पोडावरचा (वस्तीवरचा) एक मुलगा आहे. शाळा सुरू झाल्यापासून एक शब्द बोललेला नाही. ऐकू येतं, समजतंही असं वाटतं. मुख्याध्यापक म्हणतात मतिमंद असेल. तुमचा अनुभव?
— एक शिक्षिका, केळापूर तालुका

बाई, तो घरी बोलतो का, हे पोडावर जाऊन विचारून या. बहुतेक उत्तर येईल की दिवसभर बडबडतो. त्याची भाषा कोलामी आहे. आपल्या मराठीशी तिचं नातं नाही, ती गोंडी-तेलुगूच्या कुळातली. सहा वर्षांच्या पोराला एकाच दिवशी घर, माय, जेवण आणि बोली, चारही बदलून मिळालं आहे. त्यात दोन महिने गप्प राहणं मला अगदी शहाणपणाचं वाटतं. तो ऐकून घेतो आहे.

महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. या समाजाचं पोर शाळेत येऊन बसलं हेच मुळात मोठं आहे. त्याच्यावर मतिमंदाचा शिक्का मारून त्याला घरी पाठवू नका. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं राज्यघटनेच्या 350-अ कलमात 1956 पासून लिहिलेलं आहे. कोलामी पुस्तकाची वाट पाहत थांबायची मात्र गरज नाही. शाळेत कोलामी बोलणारं कोणी ना कोणी असतंच. सातवीतला एखादा मुलगा, स्वयंपाकी, चौकीदार. त्याला रोज अर्धा तास तुमच्या वर्गात बसवा. गोष्ट तुम्ही मराठीत सांगा, त्यानं कोलामीत सांगावी. चित्रातल्या वस्तूंची नावं मुलाला त्याच्या भाषेत सांगू द्या, तुम्ही ती शिका, चुकीची म्हणा आणि त्याला दुरुस्त करू द्या.

आमच्याकडची एक पोर अशीच गप्प होती. वर्गात पुतळा. पण स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसून ती भाकरी थापणाऱ्या मावशीशी तासन्‌तास बोलायची, कारण मावशी तिच्याच पोडाकडची. गुरुजींनी काय केलं, तर पाटी-पेन्सिल घेऊन तेही त्या मागच्या दारात जाऊन बसायला लागले. तिचं पहिलं मराठी वाक्य "मावशी, भाकर करपली" हे होतं. वर्गात कोलामी बोलू नका, असा फलक किंवा दंड तुमच्या शाळेत कुठं असेल तर आधी तो काढा. रात्री झोपताना तर पोरांना त्यांच्याच भाषेत कुजबुजू द्या.

प्रश्न : आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका जुन्या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी. शाळा स्वातंत्र्याच्या आधीची आहे. एके काळी जागा मिळत नसे, आता पटसंख्या फार घसरली. बंद होईल अशी चर्चा आहे. दिवाळीत मेळावा घेतोय, वर्गणीही बरी जमली. काही जण म्हणतात, मोठी कमान बांधून देणगीदारांची नावं कोरू. काही म्हणतात, शाळा इंग्रजी माध्यमाची करा. तुम्ही काय सांगाल?
— माजी विद्यार्थ्यांचा गट

भाऊ, कमान बांधू नका. हे मी हात जोडून सांगते.

तुम्ही ज्या जिल्ह्यातले आहात तिथं हे मला वेगळं सांगायला नको. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली आणि पुढच्याच वर्षी सेवाग्रामला शाळा सुरू झाली. आशादेवी आणि आर्यनायकम या दोघांनी तिला आयुष्य दिलं. पोरं सूत कातत, शेतात राबत, सफाई आणि स्वयंपाक स्वतः करत. अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली. गाडगेबाबांनी कीर्तनातून जमवलेला पैसा धर्मशाळांना आणि गोरगरिबांच्या शिक्षणाला दिला, स्वतः मात्र खापरात खाल्लं. भामरागडच्या जंगलात हेमलकशाला 1976 मध्ये आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हा माडिया पोरांना शाळेत आणणं हेच मोठं काम होतं. विदर्भातलं निवासी शिक्षण या माणसांनी उभं केलं, आणि यातल्या कोणी आधी कमान बांधली नाही.

पैसा कुठं लावायचा ते सांगते. मुलींची राहण्याची सोय असेल तर पहिला पैसा संडास-बाथरूमला आणि तिथल्या पाण्याला. वयात आलेली पोर पाचवी-सहावीनंतर शाळा सोडते, त्याच्या मागे पुष्कळदा एवढंच कारण असतं आणि ती ते कोणाला सांगत नाही. दुसरा पैसा छपराला. तिसरा रात्रीच्या माणसाला. शिक्षक संध्याकाळी तालुक्याला निघून जातात आणि रात्री सगळा भार एका अधीक्षकावर पडतो, अशी स्थिती असेल तर रात्री मुक्कामी राहणारी एक मदतनीस बाई ठेवा आणि तिचा पगार तुम्ही उचला. त्या एका पगारानं शाळेचं नाव जेवढं सुधारेल तेवढं कशानंच सुधारणार नाही. आयाबाया एकमेकींना दुसरं काहीच विचारत नाहीत, फक्त विचारतात, तिथं रात्री कोण असते?

माध्यम बदलल्यानं पट वाढेल असं मला वाटत नाही. इंग्रजी चांगलं शिकवा, त्यासाठी एक चांगला शिक्षक द्या. ज्यांच्याकडे पैसा आहे ते तालुक्याच्या शाळेतच जाणार. तुमच्या शाळेत येणारी पोरं वेगळी आहेत. ज्यांचे आईबाप कापूस वेचायला, वीटभट्टीवर, ऊसतोडीला जातात, ज्यांच्या पोडापर्यंत बस जात नाही, ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही, त्यांना ही शाळा हवी आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असताना मुख्याध्यापकांसोबत तुमच्यातले दोघं-तिघं या वस्त्यांवर जा. मुख्याध्यापक फॉर्म भरून घेतील. पण "मी इथंच शिकलो, माझी पेटी चिंचेखालच्या खोलीत होती" असं सांगणारा माणूस समोर बसला की बापाचं मन ठरतं.

पट कमी झाला म्हणजे शाळा वाईट झाली असं मनात आणू नका. साठ-सत्तर पोरांच्या शाळेत अधीक्षकाला प्रत्येकाचा खोकला ओळखू येतो. हजार पोरांच्या आवारात पोर आठ दिवस उपाशी राहिलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. लहान शाळा बंद करून मोठीत विलीन करायची भाषा जेव्हा होते तेव्हा खर्चाचा हिशेब मांडतात. त्या बैठकीत तुम्ही उभे राहा आणि सांगा की विलीन झाल्यावर कोणत्या वस्तीवरची कोणती पोरं शिकणं सोडतील. नावानिशी सांगा. यादी आतापासून करायला घ्या.

एक काम मात्र मेळाव्याच्या आधीच करा. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नावं आणि जात लिहिलेली वही, कुठं आहे ते पाहा. शाळा स्वातंत्र्याच्या आधीची आहे म्हणता, म्हणजे त्यात 1950 च्या आधीच्या नोंदी असतील. जात पडताळणीच्या वेळी आजोबा-पणजोबांची अशी एक ओळ सापडली तर नातवाचं शिक्षण आणि नोकरी वाचते. तिच्यासाठी लोक कुठून कुठून येऊन मुख्याध्यापकांच्या दारात बसतात. ही रजिस्टरं बहुतेक ठिकाणी लाकडी कपाटात वाळवीच्या तोंडी पडलेली असतात. पानं सुटी झाली असतील तर स्वतः शिवू नका, गोंद लावू नका. प्रत्येक पानाचा चांगला फोटो काढा, प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवा आणि मूळ रजिस्टर लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या, कारण ते सरकारी दप्तर आहे.

आणि मेळावा एका दिवसाचा करू नका. शाल-श्रीफळ, भाषणं, जेवण आणि पाचच्या आत गाड्या सुरू, असं नको. शाळा सुरू असताना, म्हणजे दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी या. मुख्याध्यापकांना विचारून मुलांपासून वेगळ्या, वर्गाच्या खोल्यांत मुक्काम करा. रात्री पोरांच्या पंगतीत जेवा, सकाळी त्यांच्याच नळावर तोंड धुवा, त्यांच्याच रांगेत उभे राहा. मग रविवारी नाश्ता झाल्यावर वर्गणीच्या पैशाची बैठक घ्या आणि त्या बैठकीत दहावीची दोन मुलं आणि दोन मुली बसवा. त्यांना आधी बोलू द्या.